बॉनेटखालचा शेंदूर

दसऱ्याला लोक सोनं लुटतात. मी यंदा अब्रू लुटवून घेतली, तीही स्वतःच्या घरात आणि स्वतःच्या तोंडानं.

झालं असं, की संध्याकाळी सोनं द्यायला दहा-बारा माणसं आली होती. हातात आपट्याची पानं, तोंडात चिवडा, अशा अवस्थेत मी जाहीर केलं की यंदाच्या भाऊबीजेला मी आईला तिच्या भावाकडे, जळगाव जामोदला घेऊन जाणार आणि तेही बाबांच्या गाडीत. चिवड्यामुळे पहिल्यांदा कोणाला काही कळलं नाही. सुटायची ती एकच संधी होती. पण शाळेत सव्वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला आपलं म्हणणं दप्तरी लागल्याशिवाय चैन पडत नाही. मी चिवडा गिळला आणि तेच वाक्य पुन्हा, सावकाश म्हटलं.

"कोनती गाडी?" भाऊरावांनी विचारलं.

भाऊराव आमचे शेजारी. एसटीच्या वर्कशॉपात स्टोअरकीपर होते. तीस वर्षं त्यांनी नटबोल्ट मोजून दिले, आणि म्हणून इंजिन या विषयावर बोलायचा अधिकार अख्ख्या देऊळघाटानं त्यांना देऊन टाकलाय. त्यांनी आजवर एकही इंजिन उघडलेलं नाही, ही गोष्ट गावात कोणी काढत नाही.

"ते कुटारात पुरलेली?" ते म्हणाले. "अकरा वर्सं झाली तिले. ते गाडी नाई राह्यली आता, शेखर. ते अवशेष हाये."

सगळे हसले. आई हसली नाही. ती खाटेवर बसून माझ्याकडे पाहत होती, आणि त्या बघण्यामुळेच मला माघार घेता आली नाही.

आईची गोष्ट अशी आहे. मंजुळाबाई, वय शहात्तर, दोन्ही गुडघे संपावर. सपाट जमिनीवर काठी घेऊन चालते, पण पायरी म्हटलं की संपलं. एसटीची पायरी तिला चढता येत नाही. मागच्या वर्षी माझा चुलतभाऊ हर्षल आपली नवी उंच गाडी घेऊन आला होता. आम्ही चौघांनी तिला उचललं, आणि ती निम्मी आत, निम्मी बाहेर अशी अडकली. त्या स्थितीत ती शांतपणे म्हणाली, "मले खाली ठेवा. मी का सोयाबीनचं पोतं हाये?" आम्ही खाली ठेवलं. ती भाऊबीज तिथंच संपली.

आधी पंजाबरावमामाच यायचे. दर भाऊबीजेला सकाळच्या गाडीनं उतरायचे, हातात नारळ आणि लुगडं. आता ते ब्याऐंशीचे आहेत आणि तीन वर्षांत आलेले नाहीत. भाऊ जवळ नसला की बाया चंद्राला ओवाळतात. तीन वर्षं आईनं अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं. मागच्या वर्षी ताट घेऊन आत आली आणि म्हणाली, "चंद्राचं काय, तो कोनाचाई भाऊ व्हते. मले माहा भाऊ पायजे. एकडाव पाहू दे दादाले, मंग काई मागनार नाई." बाबांची जुनी गाडी बुटकी होती. बाजूला उभं राहायचं, मागे टेकायचं, पाय आत घ्यायचे, झालं. गावात भाड्यानं मिळतात त्या गाड्याही सगळ्या उंच. तिला बसता येईल अशी जगात तेवढीच एक गाडी होती, आणि ती कुटाराच्या खोलीत होती.

कुटार म्हणजे सोयाबीन-तुरीचा भुसा. आमच्याकडे दोन म्हशी आहेत, त्यांचं वर्षाचं जेवण मागच्या टिनाच्या खोलीत भरलेलं असतं. बाबा गेले तेव्हा गाडी तिथं "तात्पुरती" लावली. पहिल्या वर्षी तिच्या चाकांपर्यंत कुटार आलं, तिसऱ्या वर्षी काचांपर्यंत. पुढे पुढे दारातून गाडीचं फक्त टप दिसायचं आणि उन्हाळ्यात, तापल्या टिनाखाली, माझी बायको जयमाला त्यावर पापड घालायची. गाडीच्या कंपनीचं नाव मी सांगत नाही. त्यांची काही चूक नाही, उगाच त्यांना वाईट वाटायचं.

दुसऱ्याच दिवशी मी फावडं घेऊन गाडी उकरायला घेतली. दुपारी दार उघडेल एवढी जागा झाली. उघडलं, तर मागच्या सीटवर कोंबडी बसलेली. खुडूक. तिनं मला पाहिलं, मान फुगवली आणि सीटवर आणखी पसरली. फुटक्या काचेतून ती आत-बाहेर करत असणार.

"तिले हात लावू नका," जयमाला मागून म्हणाली. "कालच बसवली. अकरा अंडी हायेत."

"तू बसवलीस? गाडीत?"

"मंग कुठी बसवू? मांजर येते ना घरात. दर वर्सी तथीच बसवतो मी."

मी हिशेब केला. अंडी फुटायला एकवीस दिवस. भाऊबीज एकवीस दिवसांवर. म्हणजे कोंबडीची आणि माझी मुदत एकच होती, फरक एवढाच की तिला आपलं काम येत होतं. अंड्यांवरची कोंबडी उठवायची नाही यावर आई आणि जयमाला यांचं एकमत झालं. या दोघींचं एकमत मी लग्नानंतर तिसऱ्यांदा पाहत होतो. डिक्कीत जयमालेचं कांद्याचं बी आणि वर्षाची हळद निघाली. ती म्हणाली, "गाडी न्या, पन डिक्की ठेवून जा." मी तिला समजावून सांगितलं की डिक्की सुटी मिळत नाही. तिला ते फारसं पटलं नाही.

नाक्यावरचा गोपाल मिस्त्री तिसऱ्या दिवशी आला. हा माणूस प्रत्येक गोष्टीला "होऊन जाईन" म्हणतो. बॅटरी गेली आहे? होऊन जाईन. टायर दगड झालेत? होऊन जाईन. उंदरांनी वायरी खाल्ल्यात, त्याही लाल तेवढ्या खाल्ल्यात आणि काळ्या सोडल्यात? "उंदीर समजदार हायेत, बाबूसाहेब. होऊन जाईन." त्यानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, आणि चपला काढून हात जोडले. मला वाटलं, बरं झालं, श्रद्धाळू मिस्त्री मिळाला, काम मन लावून करेल. आत काय पाहून हात जोडले, हे मी पाहिलं नाही. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ त्या न पाहण्यात आहे.

आठ दिवस गोपाल राबला. भाऊराव खुर्ची घेऊन यायचे आणि देखरेख करायचे. "पयले ऑइल बदल." बदललं होतं. "मंग पयले पेट्रोल काढ." काढलं होतं. "मंग आता पाह्य, सुरू व्हत नाई ते." नवव्या दिवशी गाडी सुरू झाली. खोलीभर कुटार उडालं, म्हशींनी दावी ताणली, भाऊरावांचा अख्खा चेहरा भुशानं भरला. कोंबडी जागची हलली नाही. आई काठी टेकत दारापर्यंत आली, नुसतं इंजिन ऐकलं आणि परत गेली. जाताना तिनं पदरानं डोळे पुसले. धुरामुळे असेल असं मी स्वतःला सांगितलं, पण धूर माझ्याकडे होता.

आता कागद.

मी स्वतः कारकून आहे. एका झेरॉक्ससाठी मी पालकांना तीन-तीनदा परत पाठवलंय आणि त्याचा मला अभिमान होता. तो अभिमान बुलडाण्याला परिवहन कार्यालयाच्या खिडकीसमोर उतरला. गाडी बाबांच्या नावावर, बाबा वर, नोंदणीची पंधरा वर्षं उलटून सात वर्षं झालेली. खिडकीतल्या माणसानं कागद चाळले. मृत्यूचा दाखला होता. वारसांचा कागद होता. आईचं ना-हरकत होतं. बहिणीचं होतं. त्यानं सगळं पाहिलं आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "एक प्रत कमी आहे." तो आवाज, तो सूर, शेवटच्या शब्दावरचा तो विश्राम, सगळं माझं होतं. मी वाद घातला नाही. व्यवसायबंधूशी वाद घालू नये.

तिसऱ्या फेरीत कागद पुरे झाले. मग तो म्हणाला, गाडी तपासणीला आणा. मी विचारलं, चालवत आणू का? म्हणाला, नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. मी म्हटलं, मग तपासणीला येईल कशी? तो म्हणाला, ओढून आणा. यात त्याची काही चूक नव्हती. नियम तसाच होता, आणि त्याच्या जागी मी असतो तर मी हेच आणखी आनंदानं सांगितलं असतं.

म्हणून हर्षलचा ट्रॅक्टर पुढे, त्याला दोर, दोराला गाडी, गाडीत स्टेअरिंगवर मी आणि मागच्या सीटवर टोपलीखाली कोंबडी, अशी आमची वरात देऊळघाटाहून बुलडाण्याला निघाली. अंड्यांना धक्के बसू नयेत म्हणून आईनं खाली दोन गोधड्या घातल्या होत्या. मला साधी उशीही नव्हती. हर्षलनं ट्रॅक्टरवर गाणी लावली, तीही लग्नातली. रस्त्यानं माझ्या शाळेची पोरं सायकलवर चालली होती. त्यांनी मला ओळखलं आणि फार आदरानं विचारलं, "सर, धक्का देऊ का?" मी काच वर करायला गेलो तर काच नव्हतीच. पोरं सायकलवरून आमच्या पुढे निघून गेली, आणि शाळेत बातमी माझ्या आधी पोचली.

तपासणीला एक मॅडम होत्या. तरुण, कडक, हातात पेन्सिल आणि पातळ कागद. गाडीचा चेसिस नंबर लोखंडात कोरलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, नंबर कागदावर उमटतो, तो फाईलला लागतो. तो उमटला नाही तर ती गाडी तीच आहे याला पुरावा नाही. त्यांनी आधी मागच्या सीटकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"कोंबडी, मॅडम."

"खाली उतरवा."

"अंड्यांवर आहे."

मॅडमनी जरा विचार केला. त्या मेहकरकडच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या होत्या, हे नंतर कळलं. "मग राहू द्या," त्या म्हणाल्या आणि बॉनेटकडे गेल्या.

बॉनेट उघडलं आणि त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. मीही जाऊन पाहिलं. जिथं चेसिस नंबर असतो तिथं, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर, बोटभर जाड शेंदूर होता. तेलात कालवलेला, वर्षानुवर्षांचा, थरावर थर चढून गुळगुळीत झालेला. मधोमध दोन चांदीचे डोळेही होते. वर एक सुकलेलं फूलही होतं, झेंडूचं.

"नंबर कुठं आहे?" मॅडमनी विचारलं.

"त्याच्या खाली असणार."

"साहेब, मी फाईलला देवाचा ठसा लावू का?"

 त्या म्हणाल्या, शुक्रवारी साफ करून आणा. त्यानंतर दिवाळीची सुट्टी, मग थेट भाऊबीजेनंतर. आम्ही परत निघालो. हर्षलनं गाणी बंद ठेवली, एवढी माणुसकी त्यानं दाखवली.

घरी आल्यावर उलगडा झाला. आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या अवजारांची पूजा होते. नांगर, विळे, मोटरपंप, जयमालेचं शिलाई मशीन. आई दर वर्षी गाडीचीही करत होती. कोंबडीसाठी मोकळ्या ठेवलेल्या बाजूनं वाकून, बॉनेटवरचं कुटार सारून, जयमालेला बॉनेट धरायला लावून. आणि कुंकू नाही, शेंदूर. आणि नेमका तिथंच.

"तथीच काऊन लावला, आई?"

"तुह्या बापानंच सांगतलं व्हतं," ती म्हणाली. "गाडी आनली तवा दाखोला मले. म्हने, मंजुळे, गाडीचा जीव या नंबरात हाये. हा गेला तं गाडी कोनाची ते सांगता येत नाई. मंग तो गेला. मी मनलं, निदान हा तं जाऊ नाई. मनून झाकून ठेवला."

  मी गोपालला बोलावलं आणि खरवडायला सांगितलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"हे होनार नाई, बाबूसाहेब."

आयुष्यात पहिल्यांदा तो असं म्हणाला होता. "डोये हायेत त्याले. डोये असलेल्या देवाले मी पाना लावू? माह्ये लेकरंबाळं हायेत." भाऊराव म्हणाले, रॉकेलमध्ये फडका बुडवून लावला की शेंदूर सुटतो. मी म्हटलं, मग लावा. ते म्हणाले, "मी सांगाले हाये, कराले नाई."

आता मी. मी असलं काही मानत नाही, हे मी शाळेत आणि गावात वेळोवेळी सांगितलेलं आहे. दोन वेळा तर माइकवरून. मी स्क्रूड्रायव्हर घेतला, बॉनेटवर वाकलो आणि पाहतो तर मी चपला काढलेल्या होत्या. कधी काढल्या ते आठवेना. चपला घातल्या, पुन्हा वाकलो. ते दोन चांदीचे डोळे माझ्याकडे पाहत होते. तेवढ्यात आढ्यावरून पाल पडली, ती नेमकी माझ्या मानेवर. मी स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं की उजेड कमी आहे.

महादेवाच्या देवळातल्या गुरवांना विचारलं. ते म्हणाले, प्राणप्रतिष्ठा झाली होती का? नाही म्हटलं. मग विसर्जनाची गरज नाही, ते म्हणाले. मग येता का खरवडायला? त्यांची मान दुखत होती.

यात दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत गोष्ट माझ्या हातातून गेली. गावात झालं, शेखरबाबूच्या गाडीत देव निघाला. सरकारी मॅडमनी हात लावला नाही, मिस्त्रीनं लावला नाही, बाबूच्या मानेवर पाल पडली. बुधवारी सकाळी उठलो तर खोलीच्या दारात नारळ. दुपारी तानाबाई आली. तिचा नातू गाडीच्या लायसनला दोनदा नापास झाला होता, तिनं बॉनेटसमोर नवस बोलला. संध्याकाळी कोणीतरी नवा ट्रॅक्टर दर्शनाला आणला. गोपाल आता चपला बाहेर काढूनच ब्रेक दुरुस्त करायचा. जयमाला म्हणाली, "एक पेटी ठेवा, लोकायले सोय व्हईन." भाऊराव लगेच ट्रस्टचं बोलायला लागले, अध्यक्ष कोण आणि चिटणीस कोण. चिटणीसाचं काम कारकुनाला नीट जमतं म्हणे. मी चिडून म्हणालो, "भाऊराव, माझ्या आईला भावाकडे जायचंय. मला देऊळ नको, गाडी पाहिजे." ते दुखावले. जाताना त्यांनी बॉनेटला नमस्कार केला, मला नाही.

गुरुवारी दुपारी आई उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं भाकरीचं उलथणं घेतलं आणि काठी टेकत खोलीकडे आली. दारात चार-पाच बाया होत्या.

"सरा," ती म्हणाली.

सरल्या. मी बॉनेट धरलं. तिनं आधी डोळे काढून पदराला बांधले. मग उलथण्यानं एका कडेनं शेंदूर उचलायला सुरुवात केली, भाकर सोडवावी तसा, घाई न करता. एका बाईनं विचारलं, "मंजुळाबाई, देव कोपला तं?"

"लावला म्याच," आई म्हणाली. "काढीन बी म्याच. मी भावाकडे जाऊन राह्यली, चोरी कराले नाई. अन् कोपलाच तं त्यानं माह्या गुडघ्यायचं काय करायचं राह्यलं हाये आता?"

 एक मोठी खपली निघाली आणि तिच्या हातावर पडली. खालचा पत्रा अगदी नवाकोरा होता. बाकी गाडी गंजून चाळण झाली होती, पण तेवढी चार बोटं जागा तेलानं आणि शेंदरानं जपली होती, आणि एकूण एक आकडा लखलखीत. आईनं त्यावरून बोट फिरवलं. "पाह्य," ती मला म्हणाली, "हाये की नाई?" मला माझ्या स्क्रूड्रायव्हरची फार लाज वाटली. मी होतोच उभा बॉनेट धरून, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत. खपली तिनं फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याच्या खाली ठेवली.

शुक्रवारी मॅडमनी कागद लावला, पेन्सिल घासली आणि सतराच्या सतरा अक्षरं उमटली. त्या म्हणाल्या, बावीस वर्षांच्या गाडीचा एवढा स्वच्छ नंबर मी कधी पाहिला नाही, काय लावता? मी म्हटलं, घरगुती आहे. ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, विमा आणि धुराचा दाखला पाहिला, टोपली उचलून कोंबडी पाहिली, आणि गाडी पास झाली. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी अंडी फुटली. नऊ पिल्लं. कोंबडी स्वतःहून उतरली आणि मागे वळूनही न पाहता उकिरड्याकडे गेली. सीट धुवायला जयमालेला आणि मला अर्धा दिवस लागला. वास पूर्ण गेला नाही, पण आई म्हणाली, कोंबडीचा वास घरचाच असते.

भाऊबीजेला सकाळी आई नवं लुगडं नेसून, मांडीवर ताट घेऊन गाडीत बसली. खरंच नुसती टेकली आणि बसली, कोणाचाही हात न घेता. राजूर घाटात गाडी दोनदा तापून थांबली. मी घामाघूम होऊन बॉनेट उघडायचो, आणि आई मागे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायची, "भावाकडे जाऊन राह्यली. पोरगं हाये माहं, ड्रायव्हरी शिकून राह्यलं." मोताळा झालं, नांदुरा झालं, आणि साडेअकराला आम्ही जळगाव जामोदला मामांच्या दारात उभे होतो. मी हॅन्डब्रेक ओढला. एकवीस दिवसांत पहिल्यांदा मला स्वतःबद्दल आदर वाटला. तो साधारण अर्धं मिनिट टिकला.

मामांच्या घराला नऊ पायऱ्या होत्या.

मी ते घर तीन-चार वर्षांत पाहिलं नव्हतं. समोरचा रस्ता दर वेळी नवा करताना उंच होतो, पाणी घरात शिरतं, म्हणून मुलानं घरच उचलून बांधलं होतं. वर ओट्यावर खुर्चीत पंजाबरावमामा बसलेले. त्यांची सून डिंपल धावत खाली आली आणि म्हणाली, "आत्याबाई, बाबांचं खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन वर्सं झाली, ते खाली उतरलेच नाई." आम्ही दर आठवड्याला फोनवर बोलतो. तब्येत विचारतो, पाऊस विचारतो, सोयाबीनचा भाव विचारतो. पायऱ्या किती, हे कोणी कोणाला विचारत नाही. खुब्याचं तर मामांनीच सांगू दिलं नव्हतं, बहीण रडेल म्हणून.

आई दार उघडून सीटवर बसली होती, पाय जमिनीवर, मांडीवर ताट. ती पायऱ्या पाहत होती. मी म्हटलं, "आई, आम्ही उचलतो." तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मी मागे सरलो. उभा जिल्हा ओलांडून आणलेली आई आणि तिचा भाऊ यांच्यात पंधरा फूट उरले होते, आणि माझ्याकडे कोणाचा अर्ज, कोणाची सही, काही नव्हतं. मला रडायला आलं, खोटं कशाला सांगू.

"कोन हाये?" मामांनी वरून विचारलं. त्यांना लांबचं कमी दिसतं.

"मंजुळा हाये, दादा."

मामांनी टोपी नीट केली. मग त्यांनी खुर्चीचा हात धरला, उठले, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर बसले. डिंपल ओरडत वर धावली, त्यांनी हातानं तिला बाजूला केलं. मग लहान लेकरू उतरतं तसे ते बसल्या बसल्या एक पायरी खाली सरकले. थांबले. धाप आवरली. दुसरी उतरले. स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी, दोन्ही हात मागे टेकलेले. गल्लीतली माणसं जमा झाली. आई मोजत होती, मोठ्यानं नाही, नुसते ओठ हलत होते. शेवटच्या पायरीवर मी हात दिला, तो त्यांनी घेतला. गाडीशी आणलं, पलीकडचं दार उघडलं, आणि ते आईच्या शेजारी बसले.

भाऊबीज मागच्या सीटवर झाली. निरांजन टपाला लागेल म्हणून मी दोन वेळा बोललो, कोणी ऐकलं नाही. आईनं कपाळाला टिळा लावला तो नाकावर उतरला, कारण ती पाहत होती भावाच्या डोळ्यांकडे. मामांनी तिचा हात धरून ठेवला.

"काऊन आली नाई एवढे दिवस?" ते म्हणाले.

"तू काऊन आला नाई?"

मग मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या सीटवर वळून बसलो होतो, डोळे पुसत.

"तू उतर," ते म्हणाले. "आमाले बोलू दे."

मी उतरलो. त्यांनी दारं लावून घेतली, नव्या बसवलेल्या काचा वर केल्या. मी मामांच्या दारात, दुपारच्या उन्हात, माझ्या स्वतःच्या, रीतसर पास झालेल्या गाडीच्या बाहेर उभा होतो. आतून काही ऐकू येत नव्हतं. आई हातवारे करत काहीतरी सांगत होती, मामा मांडीवर थापा मारत होते, मग दोघंही रडले, मग पुन्हा हसले. गल्लीतला एकजण म्हणाला, "गाडी बंद पडली काय, साहेब?" मी नाही म्हटलं. दुसरा म्हणाला, बॅटरी पाहा. तिसऱ्यानं टायरला लाथ मारून पाहिली. मी कोणाला काही समजावलं नाही. मला इतकं बरं वाटत होतं, की सल्लेही गोड लागत होते.

दीड तासानं आईनं मागूनच काठीनं हॉर्न दाबला. मी धावत गेलो. काच दोन बोटं खाली आली.

"दोन च्या सांग," आई म्हणाली, "दादाचा बिनसाकरेचा." आणि काच वर झाली.